सीएसटी रोडवरची काळी डबी

रात्री पावणेदोनला ऑफिसची व्हॅन स्वतःच दारं लावून घेते, वायपर आपोआप नाचायला लागतात… आणि या भुताटकीचं उत्तर सापडतं कुर्ल्यातल्या एका गल्लीत!

पाऊस थांबला होता. तरी वायपर सुरू झाले.

जुलैतली मंगळवारची रात्र, पावणेदोन वाजलेले. बीकेसीतून सुटलेली आमची ड्रॉपची व्हॅन ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळी ओलांडून पुढे निघाली होती. आत आम्ही पाच जणी. दोघी कानात इअरफोन कोंबून गाढ झोपलेल्या, एकीचं बॉयफ्रेंडशी चॅटवर भांडण चालू, एक खिडकीला डोकं टेकून नुसतीच बसलेली. आणि मी, आठवड्यातून तीन रात्री एका ऑफिसात कॉपी तपासायला जाणारी फ्रीलान्सर, डब्यात उरलेली पोळीभाजी संपवत होते. एकदम छतातला दिवा लुकलुकायला लागला. मग दारांची लॉक्स. खटाक. खटाक-खटाक. कुणीतरी बाहेर उभं राहून रिमोटशी टाइमपास करतंय असं वाटावं, इतक्या मजेत ती आपली आपण उघडत-मिटत होती. दादा गाडी डावीकडे घ्यायला लागले, इंडिकेटर द्यायला गेले, तर तोही गप्प.

गाडी थांबल्यावर खरी गंमत. मागचं सरकतं दार उघडेना. आतून नाही, बाहेरून नाही. खिडक्यांच्या काचा खाली येईनात. शेवटी आम्ही पाचही जणी एकेक करून पुढच्या सीटवर चढून, गिअरच्या दांड्याला लाथा घालत ड्रायव्हरच्या दारातून बाहेर पडलो. हायवेवर, रात्री दोन वाजता. कुणी रडलं नाही, कुणी किंचाळलं नाही. मी मात्र ते काम केलं, जे आपल्याला कुणी न शिकवताही जमतं. व्हिडिओ काढला! आणि ऑफिसच्या ट्रान्सपोर्ट ग्रुपवर टाकला. खाली एकच ओळ : 'ही गाडी सेफ आहे का?'

सकाळी उठून बघते तर खाली 53 मेसेज. दुपारपर्यंत ट्रान्सपोर्टच्या कंत्राटदारानं दादांना सांगून टाकलं होतं, शुक्रवारच्या रात्रीच्या ड्रॉपला गाडी ठणठणीत पाहिजे. अॅडमिनचा माणूस स्वतः तपासणार. नाहीतर रूट दुसऱ्याला.

आता यात चूक कुणाची म्हणायची? रात्रपाळीच्या बायकांना घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी मालकाची, असं आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच आहे. त्या प्रवासात न उघडणारं दार म्हणजे काही किरकोळ गोष्ट नाही. मी बरोबरच होते. पण संध्याकाळी दादांचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाले, ''ताई, टाकलात ते बरंच केलंत. माझी पोरगी गाडीत असती तर मीच म्हटलं असतं, टाक.'' मग जरा थांबून, ''14 हप्ते राहिलेत फक्त.''

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. गुरुवारची सुट्टी घेतली आणि म्हटलं, मी येते बरोबर.

तसं हे दुखणं एका रात्रीतलं नव्हतंच. गेले दोन आठवडे व्हॅन सकाळी मेलेली असायची. कळव्याच्या घरासमोर लावून दादा झोपायचे, आणि दुपारी चावी फिरवली की नुसतं 'टक'. एका इलेक्ट्रिशियननं छातीठोकपणे सांगितलं, बॅटरी गेली. नवीन टाकली. तिसऱ्या दिवशी तीही झोपली. मग दुसऱ्यानं अल्टरनेटरवर बोट ठेवलं. तो उतरवला, तपासला, ठीक निघाला, परत चढवला, मजुरी घेतली. बुधवारी दादा सर्व्हिस सेंटरला गेले. (कोणत्या ते सोडा, आणि व्हॅन कुठल्या कंपनीची तेही सोडा. हा आजार कुणा एकाच्या घरातला नाही.) तिथे स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला, कागद छापून हातात दिला आणि निदान सांगितलं : बीसीएम. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. बदलावं लागेल. 42 हजार, अधिक टॅक्स. पार्ट यायला तीन आठवडे.

शुक्रवार दोन दिवसांवर होता.

तर हे बीसीएम नावाचं प्रकरण काय असतं? पूर्वीच्या गाडीत स्विच दाबला की वायरीतून करंट धावायचा आणि दिवा लागायचा. सरळ हिशेब. आताच्या गाडीत तसं होत नाही. तुम्ही स्विच दाबता म्हणजे फक्त अर्ज करता. तो अर्ज डॅशबोर्डखालच्या एका काळ्या डबीकडे जातो आणि ती ठरवते, दिवा लावायचा की नाही. हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं! वायपर, इंडिकेटर, हॉर्न, काचा, सेंट्रल लॉक, आतला दिवा, काही गाड्यांत तर चावी ओळखून इंजिन सुरू करू द्यायचं की नाही हेसुद्धा… सगळं त्याच्या सहीनं. आणि हा सेक्रेटरी बाकीच्या कमिटी मेंबरांशी, म्हणजे इंजिनच्या, ब्रेकच्या, मीटरच्या कॉम्प्युटरशी, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून गप्पा मारतो. या भाषेला म्हणतात कॅन बस. 1986 साली बॉश कंपनीनं ती जगापुढे आणली. दर कामाला वेगळी वायर ओढण्याची कटकट त्यानं कमी झाली. फक्त सेक्रेटरी आजारी पडला की अख्ख्या बिल्डिंगचं पाणी जातं.

गुरुवारी सकाळी दहाला दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन व्हॅन सुरू केली आणि आम्ही कुर्ल्याला पोचलो. सीएसटी रोड.

हा रस्ता मला नवा नाही. मास कॉम करत होते तेव्हा कलिना कॅम्पसला जायला कुर्ला स्टेशनहून बस याच रस्त्यानं जायची. दोन वर्षं गेले. खिडकीतून काय दिसायचं? ट्रॅफिक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांचे सांगाडे. नाकाला रुमाल, कानात गाणी, बस्स. आणि कितीतरी वर्षं माझी ठाम समजूत की सीएसटी म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनस. आता सांगा, कुर्ल्यातल्या रस्त्याला बोरीबंदरच्या स्टेशनचं नाव कोण देईल? पण मुंबईत विचारतं कोण! प्रत्यक्षात ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. 1928 साली ट्रॉम्ब्यापासून अंधेरीपर्यंत एक छोटी रेल्वे सुरू झाली होती, कुर्ल्यावरून जाणारी. 1934 साली बंद पडली. सहा वर्षांचं आयुष्य! रूळ गेले, गाडी गेली, आद्याक्षरं तेवढी रस्त्यावर राहिली. आज त्याच रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांचं दुकान मांडलेलं आहे, हा योगायोग मला तरी जाम आवडला.

बसमधून जे भंगार दिसायचं ते पायी चालताना भंगार वाटत नाही. नीट बघितलं की लक्षात येतं, इथे सगळं लावून ठेवलेलं आहे. एका दुकानात फक्त दारं, आणि तीही रंगाप्रमाणे. पांढरी एकीकडे, चंदेरी एकीकडे, लाल मोजकीच. एका ठिकाणी हेडलाइट्स ओळीनं, मासळीबाजारातल्या पापलेटांसारखे डोळे वटारून. स्टिअरिंग व्हील्स दोरीला ओवलेली. बंपर माळ्यावर. मधल्या फटीत बसून एक मुलगा कापलेल्या वायरींच्या जुड्या बांधतोय, मेथीची जुडी बांधावी तसा. जमीन तेलानं काळी आणि पावसानं चकचकीत. दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान उतरतं, इतकं खाली की चाकं मोजता यावीत. मान वर करून बघणारी मी एकटीच होते.

दादांना कुणीतरी एका चाचांचं नाव सुचवलं होतं. मागच्या गल्लीत, दोन गाड्या जेमतेम मावतील असं गॅरेज. चाचा मूळचे खेडचे, साठी ओलांडलेले, नाकावर दोरीचा चष्मा. मराठी आपल्यापेक्षा चांगलं. दादांनी सर्व्हिस सेंटरचा कागद पुढे केला. चाचांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

''यात लिहिलंय यू 0140. म्हणजे बाकीची मशिनं म्हणतायत, बॉडीवाल्याशी आमचं बोलणं तुटलं. बरोबर?''

आम्ही मान डोलावली.

''कुणी फोन उचलत नसेल तर तो मेला असं धरायचं काय? रेंज नसेल. वायर तुटली असेल. फोन चार्ज नसेल.''

आणि मग त्यांनी जे केलं ते बघायला मी खरं तर तिकीट काढायला तयार होते.

स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही. त्यांनी व्हॅनचं डावीकडचं पुढचं दार उघडलं, खाली वाकले आणि… वास घेतला. मग पायाखालचं मॅट उचललं, त्याच्या खालचा फोम मुठीत धरून दाबला. बोटांमधून पाणी आलं. ''हं,'' एवढंच म्हणाले आणि हात पुसले.

त्यानंतर दोन तास मल्टीमीटर. आधी बॅटरी : 12.4 व्होल्ट. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 दाखवते, म्हणजे जरा कमी, पण मेलेली नाही. इंजिन चालू केल्यावर 14.1, म्हणजे अल्टरनेटरही निर्दोष. (ज्याची मजुरी दादांनी भरली होती तो!) मग गाडी बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीच्या मधोमध मीटर जोडला आणि चहा मागवला. ''अर्धा तास. गाडीला झोपू द्या.'' आजच्या गाड्या चावी काढल्यावर लगेच झोपत नाहीत. कॉम्प्युटर एकेक करून डोळे मिटतात. सगळे झोपले की मीटरवर 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा दिसायला हवा. आमच्या व्हॅननं अर्ध्या तासानं दाखवला 2.8 अँपिअर. चाचांनी हिशेब करून सांगितला. सोळा तास उभी राहिली तर 45 अँपिअर-अवर गेले. दादांची बॅटरी 65 ची. नवीन टाका नाहीतर सोन्याची टाका, दुपारी गाडी सुरू होणार नाही.

(घरी करून बघणाऱ्यांना एक सूचना : मीटर असा मधोमध जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. स्टार्टर इतका करंट ओढतो की मीटरचं काम तमाम!)

मग फ्यूज. एकेक काढायचा, आकडा बघायचा, परत बसवायचा. 2.8… 2.8… 2.8… अकरावा फ्यूज काढला आणि आकडा धपकन 0.03 वर आला. तो बीसीएमचा होता. दादा एकदम म्हणाले, ''म्हणजे तीच डबी ना!'' चाचा म्हणाले, ''घाई नको. डबीला खायला-प्यायला नीट मिळतं का ते बघू.'' ग्लव्ह बॉक्स काढला, डबीचे कनेक्टर सोडवले. तिथपर्यंत प्लस येतोय का? येतोय. ग्राउंड नीट आहे का? नुसतं मीटर लावून नाही, एक मोठा बल्ब लावून, भार देऊन तपासलं. नीट. मग बॅटरी सोडून त्या पीळ दिलेल्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स. 60 ओहम. हा आकडा चाचांना फार प्रिय दिसला. दोन टोकांना 120-120 चे रेझिस्टर असतात, दोन्ही शाबूत असले तर मधे 60 येतात. 120 आले तर कुठेतरी एक बाजू तुटलेली. म्हणजे फोनची लाइन नीट होती, रेंज होती, चार्जिंग होतं.

''आता म्हणा मेला,'' चाचा म्हणाले.

डबी बाहेर काढली. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढून, एअरबॅग आहेत म्हणून दहा मिनिटं थांबून. तळहातापेक्षा जरा मोठी, काळ्या प्लॅस्टिकची, जेवणाच्या डब्यासारखी. झाकण उघडलं तर आत हिरवा बोर्ड आणि एका कोपऱ्यातल्या पिनांवर पांढरट-हिरवी पावडर. तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. पाण्यानं पिना एकमेकींना चिकटवून टाकल्या होत्या. म्हणून विचारलं वायपरला तर उत्तर देत होतं लॉक.

इथे माझ्यासारखीनं काय केलं असतं? नवीन डबी शोधायला पळाले असते. चाचा बाहेर गेले, बॉनेट उघडलं आणि पुढच्या काचेखालची, वायपरच्या बुडाशी असते ती जाळी उपसली. तिच्याखाली एक पन्हळ असते. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी त्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली रस्त्यावर जातं. डाव्या बाजूचं भोक गायब होतं. तिथे होता कुजलेल्या पानांचा लगदा, काळाकुट्ट, मूठभर. दादांच्या घरासमोर पर्जन्यवृक्ष आहे. इतकी वर्षं सावली मिळते म्हणून हक्कानं त्याच्याखाली गाडी लावत होते. पन्हळ तुंबली, पाणी आत उलटलं, वायरींच्या जुडीवरून ओघळत थेट डबीच्या कनेक्टरपर्यंत.

चाचांनी तो लगदा एका कागदावर काढून बॉनेटवर ठेवला. ''सर्व्हिस सेंटरनं 42 हजारांची नवी डबी बसवली असती ना, तर पुढच्या पावसात तीही गेली असती.''

कुठल्याही मशीनच्या बाबतीत मला हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. काय बिघडलं याचं उत्तर स्कॅनरनं एका मिनिटात दिलं होतं. का बिघडलं हे विचारायला पाऊण दिवस गेला.

डबी शोधायची मोहीम दुपारी निघाली. नवी ऑपेरा हाउसच्या बाजूला मिळते का म्हणून फोन करून पाहिले. तिथेही ऑर्डरच द्यावी लागणार होती. म्हणजे सेकंड हँड. जुन्या डबीवरच्या स्टिकरचा फोटो घेऊन आम्ही दुकानं पालथी घालायला लागलो. फंडा एकच : नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. दिसायला हुबेहूब, कनेक्टरही तोच, पण शेवटी 'बी' ऐवजी 'डी' असला की ती गरीब मॉडेलची डबी, तिला पॉवर विंडो ठाऊकच नसते.

चौथ्या दुकानात नंबर जुळला. साडेतीन हजार! दादांचा चेहरा उजळला. खिशाकडे हात गेलाच होता, इतक्यात चाचांनी डबी उलटी केली. स्क्रूच्या खाचांत गंज. कनेक्टरच्या कोपऱ्यात बारीक, सुकलेली माती, बोटाला मऊ लागणारी. ''पुराची गाडी,'' ते म्हणाले. दुकानदारानं वादही घातला नाही. तोंड फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागला.

ही माती ओळखायला चाचा कुठे शिकले, ते परत येताना मिठीच्या पुलावर कळलं. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन माहीमच्या खाडीत जाणारी ही नदी याच रस्त्याला आडवी जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हा आकडा आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, मला फक्त अंधार आणि बिस्किटं आठवतात. चाचांना आठवतं ते हे, की पाणी ओसरल्यावर आपलं दुकान त्यांना चिखलातून खणून काढावं लागलं. आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष या रस्त्यावर जो माल आला, तो बहुतेक बुडालेल्या गाड्यांचा होता. वरून चकाचक, पुसलेला. ''तेव्हा मीही विकला,'' ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. ''ठाऊक नव्हतं तोवर विकला. गिऱ्हाइकं परत यायला लागली तेव्हा ठाऊक झालं. मग नाही विकला.''

आम्ही काही बोललो नाही. खाली मिठी काळी, संथ वाहत होती.

डबी शेवटी संध्याकाळी सातला मिळाली, कपाडिया नगरच्या बाजूला. मागून ट्रक आदळलेल्या एका व्हॅनची. मागचा भाग चेपलेला, पुढचा कोरडा ठणठणीत. सात हजार. चाचांनी सांगाड्यातून ती आपल्या हातानं काढली, त्या गाडीचं मॅट दाबून पाहिलं आणि बिल मागितलं. बिल! या रस्त्यावर! दुकानदार कुरकुरला, पण दिलं. 2021 साली सरकारचं स्क्रॅपिंगचं धोरण आल्यापासून, जुन्या गाड्या परवानाधारक केंद्रांत मोडीत काढायच्या म्हटल्यावर, इथल्या लोकांच्या मनात एक धाकधूक आहे, आपलं काय होणार? चाचांचं म्हणणं, कागद नीट ठेवतील ते टिकतील. मला त्यांच्याइतकी खात्री वाटत नाही. पण मी ग्रुपवर व्हिडिओ टाकणारी, मला काय कळतं.

शुक्रवारी सकाळी नवंच लफडं. डबी बसवली की काम झालं, असं नसतं. तिच्या मेमरीत तिच्या जुन्या गाडीचा नंबर, जुन्या गाडीच्या चाव्या, जुन्या गाडीच्या सवयी. आमची व्हॅन तिला परकी, आमची चावी तिच्या लेखी चोराची. मार्ग दोन. एक म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरनं तिला पहिलीपासून शिकवायचं. किंवा जुन्या बोर्डवरच्या मेमरीच्या चिपमधला सगळा मजकूर वाचून नव्या चिपमध्ये उतरवायचा. जुन्या डबीच्या पिना कुजल्या होत्या, आठवणी शाबूत होत्या. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही बाहेर करू नका, कंपनीकडेच जा, हे चाचांनीच आधी सांगितलं. दादांची वॉरंटी केव्हाच संपली होती.

मेमरी कॉपी करणारा मुलगा असेल तेवीसचा. लॅपटॉप, सोल्डरिंगचं सामान, डोळ्याला भिंग. त्यानं बॅग उघडायच्या आधी हात पुढे केला, ''आरसी बुक. आणि दोन्ही चाव्या.''

दादांकडे एकच चावी.

''दुसरी घरी आहे हो. गाडी माझीच आहे, ह्या ताई आहेत ना बरोबर…''

मुलगा ढिम्म. चाचाही गप्प. चोरीच्या गाडीला नवी ओळख द्यायची तर नेमकं हेच काम लागतं, त्यामुळे इथे भिडस्तपणा चालत नाही. दादांनी घरी फोन लावला. दीड तासानं वहिनी आल्या, कळव्याहून स्लो लोकल पकडून, कुर्ल्याला उतरून, पत्ता विचारत, चिखलातून, साडी एका हातानं वर धरून. चावी त्यांनी पाकिटात नाही, डाळीच्या रिकाम्या डब्यात घालून आणली होती. का, ते विचारायचं राहूनच गेलं. गाडीच्या उघड्या पोटाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे.

''तुम्हीच का त्या व्हिडिओवाल्या?''

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. रागानं की कशी, ते आजही कळलेलं नाही. मग स्टुलावर माझ्या शेजारी बसल्या, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून हातावर ठेवला.

दुपारी तीनला कॉपी झाली, डबी बसली, दादांनी बिस्मिल्ला, गणपती, सगळं म्हणून चावी फिरवली. काहीच नाही. मीटरमधला चावीचा लाल दिवा डोळे मिचकावत राहिला. दादा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मुलानं शांतपणे बॅटरीला मीटर लावला. 11.7. दोन दिवस आम्ही दारं उघडी टाकून, दिवे लावून, तपासण्या करत बसलो होतो. इतक्या कमी व्होल्टेजवर या डब्यांचं डोकं चालत नाही, आणि ऐन प्रोग्रॅमिंगमध्ये व्होल्टेज पडलं तर कायमची जाते. दोष मुलाचाच, आधी बघायला हवं होतं, असं तो स्वतःच म्हणाला. चार्जर लावला, तासभर थांबलो, चाव्यांची ओळख पुन्हा करून दिली.

सव्वापाचला व्हॅन सुरू झाली.

इंडिकेटर डावा, उजवा. वायपर, सांगितल्यावरच. काचा खाली, वर. वहिनी मागच्या दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी ते सरकतं दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. दहा-बारा वेळा. लॉकचा आवाज यायचा, एकदाच, खटाक. चाचांनी पन्हळीत बाटलीनं पाणी ओतून दोन्ही बाजूंनी खाली पडतंय हे दादांना वाकून बघायला लावलं. मग गाडी पुन्हा अर्धा तास झोपवून करंट मोजला. 0.04. मुलाचे चार हजार, डबीचे सात, चाचांनी दोन दिवसांचे घेतले अडीच. स्कॅनरचा तो छापील कागद दादांनी घडी घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. तो कशाला, ते मलाही कळलं नाही.

रात्री अॅडमिनचा माणूस टॉर्च घेऊन आला, दारं तपासली, कसलासा फॉर्म भरला. तो गेल्यावर आम्ही पाच जणी बसलो. बीकेसी कनेक्टरला पाऊस सुरू झाला, घाटकोपरला वाढला. विक्रोळीला सगळ्यांचे इअरफोन आपोआप बाहेर आले. कुणी काही बोललं नाही. वायपर इमानेइतबारे चालत होते. मुलुंडला माझा स्टॉप. हँडल ओढलं, दार सरकलं.

''ताई,'' दादा मागे न बघता म्हणाले, ''आज व्हिडिओ नाही काढला?''

''फोनची बॅटरी गेली, दादा.''

ते इतके हसले की मागे झोपलेली एक जण जागी झाली. मग खाली उतरले, सीटखालून जुना टूथब्रश काढला आणि भर पावसात वायपरखालच्या जाळीतून तीन पानं उचलून रस्त्यावर फेकली.